देव माणूस का झाला? : 'ख्रिस्तपुराणा'चे उत्तर

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव निघाले की आमच्या बहुतेक वाचकांना मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्या मोजक्या ओव्या आठवतात. क्रमिक पुस्तकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत करविल्या आहेत, सभासंमेलनांतून त्या म्हटल्या जातात, आणि तेवढ्यावर ह्या ग्रंथाशी आमचा परिचय संपतो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची कीर्ती पाचसहा ओव्यांवर उभी असावी, ही गोष्ट आम्हां वाचकांना भूषणावह नाही. फादर स्टीफन्स ह्यांनी लेखणी हाती घेतली ती मराठीची थोरवी गाण्याकरिता नव्हे. ती थोरवी त्यांनी जाता जाता गायिली. १६१६ साली ग्रंथ छापून निघाला तेव्हा त्याला जे पोर्तुगीज नाव होते त्याचा अर्थ, आपला तारक येशू ख्रिस्त ह्याच्या जगातील आगमनाविषयी विवेचन, असा होतो. 'ख्रिस्तपुराण' हे नाव पुढे रूढ झाले. ग्रंथाचा विषय आगमन हा आहे. देव आला का, आणि यावयाचेच होते तर माणूस होऊन का आला, हा त्याचा प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने ह्या ग्रंथाची रचना पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

ग्रंथ आणि ग्रंथकार ह्यांविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक वर्षे साष्टीत गेली. 'ख्रिस्तपुराण' रायतूरच्या जेझुइट विद्यालयात रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा निघाले. ह्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा ह्यांनी हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरास काढलेली रोमन लिपीतील आवृत्ती, शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती आणि कारिदाद द्रागो ह्यांची १९९६ ची आवृत्ती ह्यांमुळे ग्रंथ आपल्या हाती येऊ शकला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अध्याय असून त्यांना ग्रंथात 'अवस्वरू' म्हटले आहे. ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या पुराणात आहे. म्हणजे ज्याच्या आगमनाची कथा सांगावयाची, तो येण्यापूर्वी श्रोत्यांनी छत्तीस अवस्वरू ऐकावयाचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमचे पुढील सर्व म्हणणे तिच्यावर उभे आहे.

आता प्रश्नाकडे वळू. येशू ख्रिस्त हा पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हा सिद्धान्त ख्रिस्ती धर्मसभेने ३२५ साली निकिया येथील आणि ४५१ साली खाल्सिदोन येथील परिषदांत निश्चित केला. परंतु तो माणूस का झाला, ह्याविषयी श्रद्धासूत्रात माणसांसाठी आणि त्यांच्या तारणासाठी, एवढाच निर्देश आहे. त्याचा उलगडा करण्याचे काम पुढील विचारवंतांनी आपापल्या परीने केले. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष अथनासियस ह्यांनी एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. फळ्यावर काढलेले कोणाचे चित्र डागांनी विटून गेले तर फळा टाकून देत नाहीत. ज्याचे ते चित्र, त्यालाच पुन्हा समोर बसवून त्याच फळ्यावर रूप उजळतात. माणूस ही देवाची प्रतिमा. ती विटली, म्हणून मूळ रूपालाच यावे लागले. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म ह्यांनी ह्याच प्रश्नाचे नाव देऊन लॅटिन भाषेत एक संवादग्रंथ लिहिला व तो १०९८ साली पुरा केला. बोझो नावाचा शिष्य त्यात शंका काढतो आणि गुरू निरसन करतो. त्यांचा युक्तिवाद ऋणाचा आहे. पापाने माणूस देवाचा ऋणको झाला. हे ऋण फेडण्याचा भार माणसाचा, पण फेडण्याची शक्ती देवापाशी. म्हणून जो दोन्ही आहे त्यानेच ते फेडणे प्राप्त झाले. बाराव्या शतकातील आबेलार ह्यांनी भर दिला तो प्रेमावर: देवाचे इतके प्रेम पाहून माणसाच्या हृदयात प्रेम पेटावे, म्हणून तो आला. आणि १३०८ साली निधन पावलेले फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ डन्स स्कॉटस ह्यांच्या मते तर, माणसाने पाप केले नसते तरीही देव माणूस झालाच असता.

ही उत्तरे परस्परांना खोडून काढतात असे नाही. पण प्रत्येकातून देव आणि माणूस ह्यांच्यातील नाते निराळे दिसते. मूळ रूप आणि चित्र, धनको आणि ऋणको, प्रियकर आणि प्रिय, अशी ती नाती आहेत. मराठीत हा प्रश्न मांडणाऱ्या कवीसमोर अडचण उभी राहते ती अशी की, ह्यांपैकी कोणतेही नाते सांगण्याच्या आधीच श्रोत्याच्या मनात चौथे नाते येऊन बसलेले असते. ते म्हणजे अवताराचे.

देव पृथ्वीवर आला हे वाक्य मराठी माणसाला नवे नाही. तो का येतो ह्याचे उत्तरही त्याला बालपणापासून पाठ असते. गीतेच्या चौथ्या अध्यायाने ते निःसंदिग्ध शब्दांत दिले आहे: धर्माला ग्लानी येते तेव्हा सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या नाशासाठी भगवंत युगायुगांत प्रकट होतात. ख्रिस्ती कल्पना हिच्या इतकी जवळ दिसते की, दोन्ही एकच असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. परंतु नीट पाहिल्यास तीन ठिकाणी वाट फुटते. अवतार पुनःपुन्हा होतात, ख्रिस्त एकदाच येतो. अवतार दुष्टांचा संहार करतो, ख्रिस्त दुष्टांच्या हातून मरतो. आणि अवतारातील देह भगवंताने आपल्या मायेने स्वीकारलेला असतो. ख्रिस्ताचा देह भुकेने व्याकुळ होणारा, दमणारा, रक्ताळणारा असा तुमच्याआमच्यासारखाच, असे ख्रिस्ती श्रद्धा आग्रहाने सांगते. हा तिसरा भेद सर्वांत सूक्ष्म, आणि शब्दांच्या निवडीत सर्वांत लवकर निसटणारा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जो शब्द 'मांस झाला' असे मूळ ग्रीकमध्ये आहे, तो प्रचलित मराठी भाषांतरात 'देही' झाला आहे. शब्द प्रासादिक आहे ह्यात शंका नाही. पण गीतेचा दुसरा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याच्या कानी 'देही' म्हणजे जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तशी शरीरे टाकणारा तो आत्मा होय. ख्रिस्ती श्रद्धेतील ख्रिस्त हे वस्त्र टाकीत नाही. मरणातून उठल्यावरही तो शिष्याला हातांवरचे घाव दाखवितो. एका शब्दाने केवढा अर्थ इकडचा तिकडे होतो, हे येथे दिसते. भाषांतरकारांना दोष देण्याचा आमचा उद्देश नाही. ज्या भाषेत देहाविषयी इतका विचार पूर्वीच होऊन गेलेला आहे, तिच्यात कोरा शब्द मिळणे कठीण, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

फादर स्टीफन्स ह्यांनाही कोरे शब्द मिळाले नाहीत आणि त्यांनी ते शोधण्याचा अट्टाहासही केला नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या धर्तीवर नमनाने ते ग्रंथाचा आरंभ करतात, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतात, देवाला 'परमेश्वर' म्हणतात. मग जुन्या शब्दांतून नवा अर्थ श्रोत्याच्या मनात उतरावयाचा कसा? आमच्या मते, जे काम शब्दाने होण्यासारखे नव्हते ते त्यांनी रचनेकडे सोपविले. हीच ह्या ग्रंथाची खरी कामगिरी होय आणि ती पहिल्या पुराणात आहे.

पहिल्या पुराणाकडे आमचे अभ्यासक प्रस्तावना म्हणून पाहतात. जुन्या करारातील कथांचा सारांश, असे म्हणून पुढे जातात. पण त्या कथा एकापुढे एक कशा येतात ते पाहावे. सृष्टी निर्माण होते. देवदूतांतील गर्विष्ठांचे पतन होते. आदाम आणि एवा आज्ञा मोडतात आणि मरण जगात येते. येथपासून उपायांची मालिका सुरू होते. पृथ्वी पापाने भरली तेव्हा जलप्रलय होतो. दुष्टांचा संहार होतो, एक धार्मिक कुटुंब तेवढे वाचते. पण त्याच कुटुंबाच्या वंशात पाप पुन्हा उगवते आणि आकाशाला टेकणारा बुरूज बांधला जातो. एका कुळाला निवडून घेऊन वचन दिले जाते; त्या कुळातील भाऊच भावाला विकतात. मोशेच्या हाती धर्मशास्त्र दिले जाते. तो पर्वतावरून उतरतो तो पायथ्याशी सोन्याचे वासरू पुजले जात आहे. राजा मागितला, राजा दिला. आणि देवाच्या मनासारखा म्हणून वाखाणलेला दावीदही परस्त्रीसाठी तिच्या नवऱ्याला मरणाच्या तोंडी देतो. संदेष्टे येतात, त्यांचे कोणी ऐकत नाही. देश जातो, मंदिर जाते, लोक बाबिलोनास बंदिवासात जातात.

ह्या क्रमाने ऐकत गेलेल्या श्रोत्याची जी मनःस्थिती होते तीच ह्या ग्रंथाची सिद्धता. ज्या कारणासाठी अवतार होतो ते कारण, दुष्टांचा नाश, पहिल्या पुराणात घडून गेलेले आहे. प्रलयाने ते केले आणि त्याने रोग गेला नाही. कारण सज्जन आणि दुर्जन अशी माणसांची दोन पथके नाहीत. दावीद एकाच वेळी दोन्हींत आहे. संहार करावयाचा तर कोणाचा, आणि मग उरणार कोण? नियम दिल्याने भागत नाही, राज्य दिल्याने भागत नाही, शिक्षेनेही भागत नाही. बाहेरून करावयाचे ते सर्व करून झाले. आता उपाय एकच राहिला, तो म्हणजे आत येणे. दुसऱ्या पुराणाच्या दारापाशी श्रोता येतो तेव्हा देव माणूस का झाला, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी सांगावे लागत नाही. ते त्याच्या तोंडून निघण्याच्या बेतात असते. अन्सेल्म ह्यांनी जे तर्काने सिद्ध केले ते येथे प्रतीक्षेने सिद्ध होते. छत्तीस अवस्वरूंची ती लांबी कंटाळवाणी वाटते हे खरे. पण ती कमी केली तर ग्रंथाचा युक्तिवादच नाहीसा होईल.

ह्याच ग्रंथकाराचे दुसरे एक पुस्तक शेजारी ठेवले असता आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. फादर स्टीफन्स ह्यांची कोकणीतील 'दौत्रिना क्रिस्तां' १६२२ साली, त्यांच्या मरणानंतर, छापली गेली. ती प्रश्नोत्तररूप आहे. मुलांनी पाठ करावी ह्यासाठी रचलेली. गुरू विचारतो, शिष्य नेमके उत्तर देतो. तेथे सिद्धान्त आहे, पण त्या सिद्धान्ताची तहान नाही. पुराणात ती तहान आहे. तेथेही श्रोते मधून मधून शंका काढतात, पण त्या शंका पाठ केलेल्या नसून कथा ऐकता ऐकता उद्भवलेल्या अशा वाटतात. एकाच माणसाने एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली. पहिला प्रकार शाळेत राहिला, दुसरा साहित्य झाला.

येथवर आम्ही ग्रंथाची बाजू घेतली. आता जी गोष्ट न बोलता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, ती बोललीच पाहिजे. पहिल्या पुराणाच्या आरंभी ग्रंथनिर्मितीचे निमित्त सांगितले आहे. धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पुढे येऊन विचारतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांस मना केलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही? हा प्रश्न वाचून आम्ही प्रत्येक वेळी थांबतो. त्यात विनंती आहे, तशीच एक मोठी हानीही आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना वाटाघाटीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. फादर स्टीफन्स त्या वेळी गोव्यात येऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या अनुज्ञेचा उल्लेख आहे.

ज्या देवाने, संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रानुसार, स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतले, त्याची वार्ता येथे दासाच्या रूपाने आली नाही; ती सत्तेबरोबर आली. दुसऱ्या पुराणात रोमन सुभेदाराच्या आज्ञेने ख्रिस्ताला क्रुसावर चढविले जाते. साष्टीतील श्रोता ते ऐकत असेल तेव्हा सुभेदार आणि त्याचे शिपाई ह्यांचे चित्र त्याने कोणत्या चेहऱ्यांवरून मनाशी उभे केले असेल? ग्रंथ ह्याविषयी मूक आहे. जुन्या दैवतांविषयी तो कठोर बोलतो, पण त्यांची देवळे कोणी व कशी पाडली ह्याविषयी बोलत नाही. हे मौन आम्हांस ग्रंथाचे मोठे उणे वाटते. मात्र ते उणे मोजण्याचे मापही ग्रंथानेच आमच्या हाती दिले आहे, हे विसरता कामा नये. बाहेरून लादलेल्या उपायांनी माणूस सुधारत नाही, हे जर पहिले पुराण सांगत असेल, तर साष्टीत जे बळाने झाले त्याचा निषेध त्याच छत्तीस अवस्वरूंत लिहिलेला आहे. ग्रंथकाराला तो दिसला असो वा नसो.

तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी हाच विषय 'ख्रिस्तायना'त हाती घेतला, तेव्हा परिस्थिती निराळी होती. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या शोधातून. घरचे दारच त्यामुळे काही काळ त्यांना बंद झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यामुळे त्यांच्यापाशी अवताराहून अधिक जवळचा एक मराठी आधार होता आणि तो म्हणजे भक्तीतला सेवा करणारा देव. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी वाहणारा, जनीबरोबर दळणारा हा देव कोणाचा संहार करण्यास आलेला नसतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दुष्काळात सरकारी कोठार लुटविल्याबद्दल ते बेदरच्या बादशहाचे देणेकरी झाले आणि विठोबाने महाराचा वेष घेऊन दरबारी ते देणे चुकते केले. दुसऱ्याचे ऋण, समाजाने सर्वांत खाली लोटलेल्याचे रूप, आणि फेडणारा साक्षात देव! अन्सेल्म ह्यांचा युक्तिवाद मराठी माणसाला समजावून देण्यास ह्याहून समर्पक कथा आम्हांस तरी सुचत नाही.

तरीही अंतर उरतेच, आणि ते पुसून टाकण्यात कोणाचेच हित नाही. विठू महार मोहरा मोजून देतो आणि नाहीसा होतो. श्रीखंड्या ओळखला जाताच दिसेनासा होतो. त्या कथांचे माधुर्यच त्या अंतर्धान पावण्यात आहे. ख्रिस्ती कथेत देव ओळखला गेल्यावर निघून जात नाही. ओळखीमुळेच पकडला जातो आणि मरतो. भक्ताला हुरहूर लावून जाणारा देव आणि माणसाचे मरण स्वतः मरणारा देव, ह्या दोन निरनिराळ्या अनुभूती आहेत. आमच्यासारख्या अख्रिस्ती वाचकाने दुसरी स्वीकारावी असे कोणी म्हणत नाही. पण ती पहिलीच आहे असे समजून वाचणे म्हणजे न वाचणेच होय. टिळकांचा कल प्रेमाच्या उत्तराकडे अधिक, ऋणाच्या उत्तराकडे कमी. 'ख्रिस्तायन' ते पुरे करू शकले नाहीत. १९१९ साली ते गेले आणि आरंभीच्या अध्यायांपुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईंनी नवऱ्याच्या धर्मांतराचा घाव प्रथम सोसला आणि मग आपल्या वाटेने तेथवर आल्या, त्यांच्या हातून हे काव्य तडीस जावे, ह्यात एक औचित्य आहे.

दोन्ही काव्यांची तुलना केली तर भाषेचा सहजपणा आणि भक्तीचा ओलावा ह्यांत 'ख्रिस्तायन' आम्हांस जवळचे वाटते. परंतु देव माणूस का झाला, ह्या प्रश्नाला समग्र काव्यरचनेतून उत्तर देण्याचे धैर्य 'ख्रिस्तपुराणा'तच आहे. टिळकांचा देव आपल्याला लगेच भेटतो. फादर स्टीफन्स ह्यांच्या देवाची वाट पाहावी लागते, आणि ती पाहिल्याखेरीज तो का आला हे कळत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. मराठीच्या स्तुतीच्या त्या ओव्या क्रमिक पुस्तकांत अवश्य राहाव्यात. पण महाविद्यालयांत आणि आमच्या वाङ्मयमंडळांत जेथे हा ग्रंथ लावला जातो तेथे पहिल्या पुराणातील जलप्रलय, मोशे आणि दावीद हे तीन भाग सलग वाचले जावेत, आणि ग्रंथारंभी त्या ब्राह्मणाने विचारलेला प्रश्नही त्यांच्याबरोबर वाचला जावा. चारशे वर्षांपूर्वी साष्टीत एकाच वेळी काय हिरावले गेले आणि काय निर्माण झाले, ह्याचा पुरावा त्या पानांत आहे. त्यातील एक अर्धा उचलून दुसरा टाकणे गोमंतकातील मराठी वाचकाला शोभणारे नाही.